याचक रक्तपिपासू : पवित्र अवशेष आणि पात्रतेचा प्रश्न

मध्ययुगातील एखादा व्हॅम्पायर संताच्या अस्थीच्या किंवा ख्रिस्ताच्या रक्ताने पुनीत झालेल्या पात्राच्या शोधात निघतो, हे कथासूत्र आधुनिक भयकथेच्या वाचकाला चमत्कारिक वाटत नाही. त्यातील विरोधाभास उघड आहे. क्रूस दिसताच जो मागे हटतो, तोच पवित्र वस्तूसाठी देशोदेशी हिंडतो. समीक्षकही बहुधा या विरोधाभासाची नोंद करतो आणि त्याला उपरोध असे नाव देऊन पुढे जातो. वस्तुतः या सूत्रात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याच्यापाशी पात्रता मुळीच नाही, केवळ गरज आहे, त्याला पवित्राकडे काही मागण्याचा अधिकार असतो काय? आणि नसेल, तर पवित्र नेमके कोणासाठी असते?

प्रथम शब्दाविषयी. ‘मध्ययुगीन व्हॅम्पायर’ ही जोडणी काटेकोरपणे पाहता कालविपर्यस्त आहे. सर्बियातील आर्नोल्ड पाओलेच्या प्रकरणावरील अहवाल १७३२ साली पश्चिम युरोपात गाजला आणि हा शब्द तेथील भाषांत रुजला. मात्र शब्द नव्हता म्हणून वस्तू नव्हती, असे नाही. न्यूबर्गच्या विल्यमने बाराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या इंग्लंडच्या इतिहासात थडग्यातून उठणाऱ्या प्रेतांच्या काही हकीकती दिल्या आहेत, आणि त्यांपैकी एका प्रेताला तो ‘जळू’ या अर्थाचा लॅटिन शब्द लावतो. मराठी वाचकाच्या मनात येथे वेताळ उभा राहण्याचा संभव आहे. बर्टनने १८७० साली वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर सिद्ध करताना त्याला व्हॅम्पायर केलेच होते. ते नामांतर दिशाभूल करणारे आहे. वेताळ परक्या प्रेतात वस्ती करतो, कोडी घालतो, आणि कोकण-गोव्यात तर ग्रामदैवत म्हणून पुजलाही जातो. व्हॅम्पायर स्वतःच्याच देहात अडकलेला असतो. त्याचे प्रेत हेच त्याचे घर आणि तोच त्याचा तुरुंग.

देहाचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण पवित्र अवशेष हाही देहच असतो. मृत्यूनंतर न कुजलेला, अजूनही काही घडवून आणू शकणारा देह, ही संताची जशी खूण तशीच व्हॅम्पायरचीही. लॅटिन परंपरेने अविनाशी देहात बहुधा पावित्र्याचा पुरावा पाहिला. ग्रीक लोकश्रद्धेत मात्र बहिष्कृताचे शरीर मातीत विरत नाही, आणि धर्माधिकाऱ्याने क्षमेचे वचन उच्चारल्यावरच ते विरते, अशी समजूत दीर्घकाळ होती. चिन्ह एकच आणि अर्थ परस्परविरुद्ध. हा पेच दूर युरोपातच शोधावयास हवा असे नाही. फ्रान्सिस झेवियरचा मृत्यू १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर झाला, आणि त्याचा देह १५५४ साली गोव्यात आणला गेला तो न कुजलेला म्हणूनच. दर्शनाच्या वेळी एका भाविक स्त्रीने त्याच्या पायाचे बोट चावून तोडले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. पुढे १६१४ साली त्याच्या उजव्या हाताचा भाग कापून रोमला पाठविण्यात आला. जिवंत माणसाने मृतदेहास दात लावावा, हे दृश्य व्हॅम्पायरकथेच्या नेमके उलट आहे. तरी त्यातील भूक ओळखीची वाटते.

अवशेष ही वस्तू आहे की व्यक्ती, याचे मध्ययुगाने दिलेले उत्तर आजच्या वाचकास अनपेक्षित वाटेल. नवव्या शतकात कोंक येथील मठाच्या एका संन्याशाने आझां येथे राहून अनेक वर्षे विश्वास संपादन केला आणि संधी साधून संत फॉयच्या अस्थी पळविल्या. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी ८२८ साली संत मार्कचा देह अलेक्झांड्रियाहून आणला, आणि तपासनिसांनी हात लावू नये म्हणून तो डुकराच्या मांसाखाली लपविला होता, अशी कथा आहे. या चोऱ्या लपविल्या तर गेल्या नाहीतच, उलट त्यांच्यावर अभिमानाने ग्रंथ लिहिले गेले. त्यामागचा युक्तिवाद असा : संत आपल्या अस्थींत जागा असतो, त्याची इच्छा नसती तर त्या जागच्या हलल्याच नसत्या, अर्थात चोरी यशस्वी झाली हीच त्याची संमती. या युक्तिवादातील सोयीस्करपणा कोणालाही दिसेल, कारण यशस्वी झालेल्या प्रत्येक बळजबरीला तो संमतीचे प्रमाणपत्र देऊन टाकतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेली धारणा क्षुल्लक नव्हे. अवशेष नकार देऊ शकतो. आणि जो नकार देऊ शकतो त्याच्याकडेच काही मागता येते. वस्तूकडे कोणी याचना करीत नाही.

ग्रेलच्या शोधाच्या कथांनी संमतीच्या जागी पात्रता आणली. ‘केस्त द्यू सँ ग्राल’ या सुमारे १२२५ च्या फ्रेंच गद्यकथेत निष्कलंक गॅलहॅड अखेरपर्यंत पोचतो, आणि लान्सलॉट उंबरठ्यावर अडतो. त्याचे अडणे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. आत येऊ नये अशी आज्ञा त्याला झालेली आहे. मिस्सा करणारा वृद्ध धर्मगुरू हातातल्या भाराने कोसळेल असे त्याला वाटते आणि तो मदतीला धावतो. आगीसारखा वारा त्याच्या तोंडावर आदळतो, आणि पुढे चोवीस दिवस तो मृतवत् पडून राहतो, पापात घालविलेल्या चोवीस वर्षांचा एकेक दिवस. त्याचा अपराध लोभाचा नव्हता. धावताना तो स्वतःची अपात्रता विसरला, एवढेच.

याच कथेत व्हॅम्पायरचा एक सौम्य, जवळजवळ प्रतिष्ठित अवतारही आहे, ज्याकडे या संदर्भात पुरेसे लक्ष गेलेले नाही. एका गडाच्या कुष्ठग्रस्त स्वामिनीस राजकुळातील कुमारिकेच्या रक्तानेच बरे वाटेल असे भाकीत असते. म्हणून गडावरून जाणाऱ्या प्रत्येक कुमारिकेकडून पात्रभर रक्त घेण्याचा प्रघात पडतो. पर्सिव्हलची बहीण ते स्वेच्छेने देते, स्वामिनी बरी होते, आणि देणारी मरते. त्याच रात्री वादळ गडावर कोसळते, एकही माणूस जिवंत उरत नाही, आणि हा पूर्वीच्या कुमारिकांच्या रक्ताचा सूड होता असे आकाशवाणी सांगते. म्हणजे तेच पात्र, तेच रक्त, आणि तीच आरोग्याची आस. ग्रेलमधील रक्त देणाऱ्याने देऊ केलेले असते, गडावरचे रक्त प्रघाताने वसूल केलेले असते. पर्सिव्हलच्या बहिणीच्या दानाने या वसुलीचे दान होत नाही, हे कथाकाराने ओळखले आहे. पण आजारी स्त्रीला दुसरा कोणता उपाय उपलब्ध होता, हा प्रश्न तो विचारीत नाही. पात्रतेच्या नीतीत गरजेला वजन नसते.

वोल्फ्राम फॉन एशेनबाखच्या ‘पार्त्सिव्हाल’ मध्ये हा हिशेब उलटा फिरतो. ग्रेल तेथे एक पाषाण आहे, आणि त्याचे दर्शन घेणारा त्या आठवड्यात मरत नाही. जखमी राजा अनफोर्तासला मृत्यू हवा आहे. तो डोळे मिटून घेतो, आणि त्याचे लोक प्रेमापोटी त्याला पुन्हा पुन्हा पाषाणापुढे आणतात. अमरत्वाचा छळ हा व्हॅम्पायरचाच छळ आहे, आणि येथे तो छळ पवित्र वस्तूच करते. सुटका होते ती ग्रेल मिळविल्याने नव्हे. कोणीतरी त्याला, काय दुखते आहे, असे विचारल्याने होते.

आधुनिक भयकथेने या गुंतागुंतीचे रसायनशास्त्र करून टाकले. स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) मध्ये व्हॅन हेल्सिंग पवित्र प्रसादाचा चुरा दरवाजाच्या फटी बुजविण्यास वापरतो. निरपराध मीनाच्या कपाळाला तो प्रसाद लावताच कातडी भाजते. तिचा दोष काय, असे विचारण्यास तेथे वाव नाही, कारण आम्लाने कातडे भाजावे तसे ते घडते. गंमत अशी की ड्रॅक्युलाला विसाव्यासाठी हवी असते तीही पवित्र स्मृतींची माती. पन्नास पेट्या भरून तो ती इंग्लंडला नेतो, आणि तिच्यात प्रसाद ठेवून ती निरुपयोगी केली जाते. पवित्रानेच पवित्राचा पाडाव. स्टोकरने या सूत्राचा पाठपुरावा केला असता तर कादंबरी वेगळी झाली असती. ॲन राइसच्या ‘मेम्नॉक द डेव्हिल’ (१९९५) मध्ये व्हॅम्पायर लेस्टाट क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचे रक्त चाखतो आणि व्हेरोनिकाचे वस्त्र घेऊन परततो. येथे अवशेष पुन्हा व्यक्तीकडून मिळतो, ही महत्त्वाची गोष्ट. परंतु लेखिकेचा रस लवकरच या सर्वामागे सैतानाचा डाव होता काय, या शंकेकडे वळतो. पात्रतेच्या प्रश्नाची जागा खरेखोटेपणाचा प्रश्न घेतो, आणि तो तुलनेने सोपा आहे.

म्हणून विल्यमच्या हकीकतींकडे परतावयास हवे. अनांतिस नावाच्या गडाजवळचा तो ‘जळू’ जिवंतपणी संशयी नवरा होता. पत्नीवर नजर ठेवण्यासाठी तुळईवर लपला असता तो खाली पडला. धर्मगुरूने पापनिवेदन करून प्रसाद घेण्याविषयी सांगितले, त्याने ते उद्यावर टाकले, आणि त्याच रात्री तो गेला. पुढे त्याचे प्रेत गावात हिंडू लागले, साथ पसरली. ज्यांचा पिता त्या साथीत दगावला होता अशा दोन तरुणांनी थडगे उकरले, फुगलेल्या प्रेतावर घाव घातला, रक्ताचा पूर वाहिला. मग काळीज काढून प्रेत जाळले. विल्यम कार्यकारणाचा संबंध उघडपणे जोडत नाही, पण कथेची रचना तो जोडते : जे रक्त उद्यावर टाकले गेले, त्याचीच तहान मेल्यावर उरली. मेलरोझच्या हकीकतीत तर शिकारीचा नाद असलेला एक मृत धर्मोपदेशक प्रथम मठाकडेच येतो. तेथील साधूंच्या पुण्याईमुळे त्याला आत शिरता येत नाही, आणि तो आपल्या पूर्वीच्या धनिणीच्या शयनगृहाभोवती कण्हत फिरतो. तो मठात उपद्रवासाठी आला, असे विल्यम सांगतो. ते खरे असेलही. पण कण्हण्याचा उल्लेखही विल्यमचाच आहे.

या हकीकतींतील बकिंगहॅमची कथा सर्वांत कमी रक्तरंजित आहे. तेथील मृत रक्त पीत नाही, तो रात्री पत्नीच्या शय्येवर येऊन तिला आपल्या भाराखाली चिरडतो, मग भावांना आणि जनावरांना छळू लागतो. प्रकरण लिंकनच्या बिशपपर्यंत जाते. अशा गोष्टी इंग्लंडात अनेकदा घडल्या आहेत आणि प्रेत जाळल्याखेरीज शांतता मिळत नाही, असे सल्लागार सांगतात. बिशपला हे असभ्य आणि अनुचित वाटते. तो स्वतःच्या हाताने क्षमापत्र लिहून देतो, थडगे उघडून ते मृताच्या छातीवर ठेवण्यात येते, आणि उपद्रव थांबतो.

हा बिशप म्हणजे ह्यू. १२०० मध्ये त्याचे निधन झाले आणि १२२० मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याचा चरित्रकार ॲडम याने नोंदविलेला फेकां येथील प्रसंग प्रसिद्ध आहे. मेरी मॅग्दालेनच्या बाहूचे हाड दर्शनास आले असता ह्यूने त्याचा तुकडा प्रथम बोटांनी, मग दातांनी तोडून घेतला. आम्ही समजलो हा भक्तीने पाहतो आहे, आणि याने तर कुत्र्यासारखे दात लावले, असा संन्याशांनी आक्रोश केला. ज्या दातांनी नुकताच ख्रिस्ताच्या देहाला स्पर्श केला, ते या अस्थींना का लावू नयेत, असे त्याचे उत्तर होते.

एकाच माणसाविषयीच्या या दोन हकीकती एकत्र वाचल्या असता त्या परस्परांवर प्रकाश टाकतात. फेकांचा ह्यू पवित्राची भूक लपवीत नाही. त्या भुकेचे रूप पाशवी आहे हे त्याला ऐकवले जाते, आणि तो तिचे समर्थन स्वतःच्या पुण्याईने करीत नाही. त्याच्या मते तोंडाला अधिकार येतो तो तोंडात आधी जे पडले त्यामुळे. बकिंगहॅमचा ह्यू अशाच दुसऱ्या एका भुकेल्या देहाला जाळण्यास नकार देतो. स्वतःच्या दातांची आठवण असलेल्या माणसाला ते कदाचित सोपे गेले असावे. हा अर्थात तर्क आहे, दोन्ही ग्रंथ त्याला दुजोरा देत नाहीत.

येथे एक आक्षेप संभवतो. मृताने पश्चात्ताप केल्याचा उल्लेख नाही, तेव्हा ही क्षमा पोकळ ठरते, आणि पत्नीवरील अत्याचाराचे मोल तिला न विचारताच फेडले जाते. आक्षेपाचा दुसरा भाग गंभीर आहे. विल्यमने त्या स्त्रीला एकही वाक्य दिलेले नाही. पहिल्या भागाविषयी मात्र असे म्हणता येईल की शोधकथेला अपात्र नायक चालत नाही याचे कारण शोध हीच पात्रतेची परीक्षा असते. बकिंगहॅमच्या मृताने काहीच शोधलेले नाही. पवित्र वस्तू त्याच्याकडे चालत आली, एका कागदाच्या रूपात, कोणाच्या तरी हस्ताक्षरात. रक्तपिपासूच्या शोधाची कादंबरी लिहू इच्छिणाऱ्यापुढे ही अडचण उभी राहते, कारण शोध सफल झाला तर तो चोर ठरतो, विफल झाला तर लान्सलॉट ठरतो, आणि अवशेष आपण होऊन आला तर कथानकच उरत नाही.

विल्यमने क्षमापत्रातील मजकूर दिलेला नाही. थडगे उघडले तेव्हा देह जसा ठेवला होता तसाच आढळला, एवढे तो सांगतो. पत्र छातीवर ठेवून थडगे पुन्हा बंद करण्यात आले.