एकाच बाजूला फिरणारे कडे

समुद्र आपली मर्यादा सोडत नाही, असे आपल्याकडे पूर्वापार मानत आले आहेत. भरतीला तो पुढे येतो, ओहोटीला मागे सरतो, पण किनाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही, आणि कधी मोडलाच तर त्या घटनेला आपण प्रळय म्हणतो. ज्या माणसाला त्या समुद्राच्या पोटात उतरायचे असते, त्याची गोष्ट वेगळी. किनारा त्यानेच ओलांडलेला असतो, त्याच्या फुप्फुसांना जिथे काही अधिकार नाही अशा घरी तो काही मिनिटांचा पाहुणा म्हणून जातो, आणि म्हणून आपण किती वेळ थांबायचे ही मर्यादा त्याला बरोबरच न्यावी लागते. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या नौदलांच्या पाणबुड्यांनी ती मनगटावर बांधली, आणि त्यातून काळ्या तबकडीचे, जाड अंगाचे, राकट असे जे घड्याळ घडत गेले, ते आज पाण्यात कधी न उतरलेल्या कितीतरी मनगटांवर दिसते. त्या घड्याळाच्या निमित्ताने मर्यादा या एकाच गोष्टीपाशी आपण थोडे थांबू.

या घड्याळाचा प्राण आहे तबकडीभोवतीचे फिरते कडे, ज्याला घड्याळाचे जाणकार बेझल म्हणतात. पाण्यात शिरताना पाणबुड्या कड्यावरची त्रिकोणी खूण मिनिटकाट्यासमोर आणतो. मग वजाबाकी करायला नको, काटा कड्यावरच्या ज्या आकड्यापाशी असेल तितकी मिनिटे खाली गेली. इतकी साधी युक्ती कशासाठी, हे समजायला पाण्याचा हिशेब पाहिला पाहिजे. दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाएवढा दाब वाढतो, तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो, आणि पाठीवरची हवेची टाकी तिथे चौपट वेगाने रिकामी होत जाते. श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत राहतो, आणि फार वेळ थांबलेला माणूस घाईने वर आला तर तोच वायू बुडबुडे होऊन सांध्यांत आणि मज्जारज्जूत त्रास देतो. याहून सूक्ष्म धोका असा की खोलीवर तोच नायट्रोजन बुद्धीला गुंगी आणतो, माणसाला उगाच प्रसन्न वाटू लागते, आणखी पाच मिनिटांनी काय बिघडते असे वाटू लागते. म्हणजे ज्या मनाने मर्यादा पाळायची, तेच मन मर्यादेच्या जवळ येता येता भरवशाचे राहत नाही.

म्हणून ती मनाच्या बाहेर, पोलादात ठेवावी लागते, आणि मन स्वच्छ असताना, पृष्ठभागावर, उजेडात ठरवावी लागते. आपल्या पूजाविधीत संकल्प आधी सोडतात आणि कर्म मागाहून करतात; उपास करणाराही भूक लागण्यापूर्वीच नेम धरतो, कारण भूक लागल्यावर धरलेला नेम हा बहुधा भुकेनेच सुचवलेला असतो. कड्याची खूण काट्याशी जुळवणे हा असाच एक संकल्प आहे: शुद्धीत असलेल्या माणसाने पुढे गुंगीत जाणाऱ्या स्वतःसाठी करून ठेवलेली सोय. मर्यादा म्हटले की आपल्याला कुणीतरी घातलेले कुंपण आठवते, पण इथे घालणारा आणि पाळणारा एकच आहे, फक्त त्या दोघांच्या मध्ये तीस मीटर पाणी आहे.

हे शिक्षण कुणाला फुकट मिळाले नाही. ब्लांपाँ या स्विस कारखान्याचे प्रमुख ज्याँ-जॅक फिश्तेर स्वतः हौशी पाणबुडे होते, आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यालगत पाण्याखाली वेळेचे भान सुटून हवा संपण्याचा प्रसंग त्यांच्यावर ओढवला होता. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्यांचे पथक उभे करणारे रॉबेर मालुबिए आणि क्लोद रिफो आपल्या माणसांसाठी घड्याळ शोधत होते: काळी तबकडी, ठसठशीत खुणा, अंधारात चमकणारे काटे आणि भोवती फिरते कडे. दोन्ही गरजा १९५३ साली जुळल्या आणि ‘फिफ्टी फॅदम्स’ तयार झाले. पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९१ मीटर, ही त्या काळच्या पाणबुड्याची व्यवहारातली कमाल मर्यादा, आणि कारखान्याने घड्याळाला तिचेच नाव दिले. रोलेक्सचे ‘सबमरिनर’ही याच एकदोन वर्षांतले. सुरुवातीच्या अनेक घड्याळांतले कडे दोन्ही बाजूंना फिरायचे. पुढे ते फक्त उलट्या दिशेने, टिकटिक करत, एकेक दात ओलांडत फिरू लागले, आणि माझ्या मते या घड्याळाच्या इतिहासातला सर्वांत शहाणा बदल तोच.

कारण त्याचा अर्थ असा. बोटीच्या काठाला, दोराला, खडकाला घासून कडे चुकून हलणार, हे गृहीतच आहे; पण ते एकाच बाजूला हलू शकत असल्यामुळे खूण मागे सरकेल, गेलेली मिनिटे खऱ्यापेक्षा जास्त दिसतील, आणि पाणबुड्या गरजेपेक्षा आधी वर येईल. चूक होणार नाही असे हे कडे म्हणत नाही, चूक झालीच तर ती कोणत्या बाजूला पडावी एवढे मात्र ते आधी ठरवून ठेवते. जी मर्यादा माणसाकडून निर्दोषपणाची अपेक्षा करते, ती पहिल्याच धक्क्याला मोडते आणि मोडली म्हणून माणसाला दोष देते. जी त्याच्या प्रमादाची जागा आखून ठेवते, तीच दीर्घकाळ टिकते. आपल्याकडच्या जुन्या व्रतनियमांत आजारी, वृद्ध, प्रवासी यांच्यासाठी सवलती ठेवलेल्या असत. नियम सैल करण्यापेक्षा तो मोडू न देण्याकडे त्या योजनेचा कल होता.

अमेरिकी नौदलासाठी साठच्या दशकात ‘टॉर्नेक-रेव्हिल’ नावाने जी घड्याळे तयार झाली, त्यांच्या तबकडीवर सहाच्या आकड्यापाशी एक लहानसे वर्तुळ असे. आत ओल शिरली की त्या वर्तुळातला रंग पालटायचा. घड्याळ अजून चालते आहे, काटे अजून फिरत आहेत, पण आपली मर्यादा कुठेतरी भंगली आहे हे ते स्वतःच सांगते. आणि हे सांगणे पाण्यात उतरण्याआधी, पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होते. पाण्याखाली ज्याच्यावर श्रद्धा ठेवायची, त्याने स्वतःच्या भंगाची खबर लपवता कामा नये, हा त्या नौदलाचा आग्रह मला धर्माच्या फार जवळचा वाटतो.

दाब सोसण्याचेही दोन मार्ग आहेत. बहुतेक कारखान्यांनी पोलाद जाड केले, काच जाड केली, आणि समुद्राने ढकलले तर जागचे हलायचे नाही असे ठरवले. रशियातल्या चिस्तोपोल या कामा नदीकाठच्या गावी व्होस्तोक कारखान्यात मिखाईल नोविकोव्ह आणि वेरा बेलोव्हा यांनी १९६७ च्या सुमारास जे ‘अँफिबिया’ घडवले, त्याने दुसरा मार्ग धरला. त्याची काच लवचीक अॅक्रिलिकची. वरून दाब आला की ती किंचित आत वाकते आणि कडेने अधिक घट्ट बसते. मागचे झाकण रबराच्या रुंद कडीवर दाबले जाते, आणि पाणी जितके जोर करते तितकी ती फट बंद होत जाते. म्हणजे आत शिरू पाहणाऱ्या बळालाच तिथे दार लावण्याच्या कामाला जुंपले आहे. मर्यादा ताठ उभी राहूनही पाळता येते आणि किंचित वाकूनही, आणि वाकणारी कमजोरच असते असे नाही. २०० मीटरचा दावा करणाऱ्या या घड्याळाची किंमत तर सामान्य माणसाला परवडेल अशी. (त्याचे कडे मात्र बहुधा दोन्ही बाजूंना गरगर फिरते, एका कामात संत असलेला दुसऱ्या कामात गबाळा असू शकतो.)

आता युद्धाकडे वळावे लागते, कारण ही घड्याळे युद्धासाठी घडली हे झाकून त्यांच्याविषयी बोलणे खोटेपणाचे होईल. इटलीच्या राजेशाही नौदलाला फ्लोरेन्सच्या पानेराई या दुकानाने रोलेक्सकडून बनवून घेतलेली, रेडियमने चमकणारी मोठी घड्याळे पुरवली होती, आणि त्या नौदलाच्या सहा पाणबुड्यांनी डिसेंबर १९४१ मध्ये अलेक्झांड्रियाच्या बंदरात शिरून ब्रिटिश युद्धनौकांखाली स्फोटके लावली. त्यांतला लुईजी दुरांद दे ला पेन आणि त्याचा साथीदार पकडले गेले आणि ‘व्हॅलियंट’ या ज्या नौकेखाली त्यांनी स्फोटक ठेवले होते तिच्याच पोटात कोंडले गेले. स्फोटक कुठे आहे हे त्याने सांगितले नाही. पण वेळ भरत आली तेव्हा त्याने कप्तान मॉर्गनला निरोप धाडला की नौका लवकरच फुटणार, माणसे वाचवा. कप्तानाने जागा पुन्हा विचारली, त्याने पुन्हा नकार दिला, आणि त्याला परत खाली नेण्यात आले. नौका फुटली, तो वाचला. देशासाठी किती गप्प राहायचे आणि माणसांसाठी केव्हा बोलायचे, या दोन मर्यादांच्या मध्ये काही मिनिटांची जागा होती आणि ती त्याने अचूक ओळखली. १९४५ साली इटलीचे सुवर्णपदक त्याला मिळाले तेव्हा ते त्याच्या छातीवर लावणारा हात त्याच मॉर्गनचा होता.

सैनिकी घड्याळाची आणखी एक मर्यादा आहे, ती मालकीची. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने सत्तरच्या दशकात रोलेक्सकडून घेतलेल्या सबमरिनरांचे काटे तलवारीच्या पात्यासारखे रुंद, कड्यावर साठच्या साठ मिनिटांच्या रेषा, आणि पट्टा अडकवण्याच्या दांड्या कायमच्या जोडून टाकलेल्या. स्प्रिंगची दांडी निसटली तर घड्याळ तळाला जाते. जोडलेली दांडी निसटत नाही, मात्र त्यामुळे मनाला येईल तो पट्टा लावण्याचे स्वातंत्र्य संपते, आणि एकसंध कापडी पट्टाच दोन्ही दांड्यांतून ओवून घ्यावा लागतो. १९७३ च्या ब्रिटिश लष्करी मानकातून आलेला राखाडी नायलॉनचा तो पट्टा आज ‘नाटो’ म्हणून बाजारात रंगीबेरंगी मिळतो. मागच्या झाकणावर सरकारी मालमत्तेची बाणाची खूण आणि क्रमांक कोरलेला असे. घड्याळ सही करून घ्यायचे, सही करून परत द्यायचे. मनगटावरच्या ज्या वस्तूवर त्याचा जीव अवलंबून होता, ती त्याची नव्हती. वापराचा पूर्ण अधिकार आणि स्वामित्वाचा संपूर्ण अभाव, ही विश्वस्ताची मर्यादा आपल्या परंपरेने देहाविषयीही सांगितलेली आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही.

त्या सैनिकी सबमरिनरांना आज लिलावांत अफाट किमती येतात, आणि किंमत वाढली तशी बाणाची खोटी खूण कोरणारेही निपजले. जुने घड्याळ हौसेने घेणे समजू शकते. पण न केलेल्या सेवेची खूण झाकणावर उमटवून घेणे हा मला साधा बाजारू खोटेपणा वाटत नाही, ती दुसऱ्याच्या धोक्याची चोरी आहे. रेडियमच्या तबकड्यांबाबत वेगळी काळजी: चमकणारा लेप काही दशकांत थकून काळवंडतो, मात्र खालच्या रेडियमचा अर्धायुष्यकाळ सुमारे १६०० वर्षांचा आहे, म्हणजे प्रकाश गेला तरी विकिरण राहते. असे घड्याळ घरी उघडू नये.

मग ज्याचे घड्याळ जुलैच्या पावसापलीकडे कधी खोल गेले नाही, त्या पुण्या-मुंबईच्या गृहस्थाचे काय? त्याला हसणारे पुष्कळ आहेत, आणि पाण्याखाली आता मनगटी संगणक खोली, वेळ, नायट्रोजन सारे मोजतात, तेव्हा कडे हे फार तर जोडीला राहिलेले साधन, हेही खरे. तरी मी हसणार नाही. घरातून निघताना, काम हाती घेताना, एखाद्याशी वाद सुरू करताना जो कडे फिरवून खूण लावतो, त्याने आपल्यापुरता एक किनारा आखलेला असतो. कुकरसाठी लावला तरी हरकत नाही. घड्याळ नुसते मिरवायचे असेल तर मात्र त्याच्या कड्याला आणि गळ्यातल्या साखळीला सारखाच अर्थ.

कडे एकाच बाजूला फिरावे हाही शेवटचा शब्द नव्हे. ट्यूडरने २०२१ मध्ये फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्यांसाठी काढलेल्या ‘पेलागोस एफएक्सडी’चे कडे दोन्ही दिशांना फिरते आणि आकडे उलटे, साठापासून शून्याकडे उतरतात. हे पाणबुडे फार खोल जात नाहीत; अंधारात होकायंत्राच्या एका दिशेने ठरलेली मिनिटे पोहायचे, मग दिशा बदलायची, पुन्हा कडे लावायचे, असा त्यांचा प्रवास, आणि तिथे मिनिट आधी वळणे हे उशिरा वळण्याइतकेच घातक. हवेची मर्यादा एका बाजूला झुकलेली असते, मार्गाची दोन्ही बाजूंना सारखी. कड्याने कसे फिरावे हे त्या त्या कामाने ठरते.

ज्यांच्याकडे असे घड्याळ आहे त्यांच्यासाठी एवढेच, की झाकणावर कोरलेले २०० मीटर हे ते कारखान्यातून निघाले त्या दिवसाचे आहेत. आतल्या रबरी कड्या उन्हाने, घामाने, काळाने वाळतात, आणि कोरलेला आकडा मात्र तसाच राहतो. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने धुवावे, हात ओले असताना किल्ली उघडू नये, आणि दोनतीन वर्षांनी दाबाची तपासणी करून घ्यावी. ती झालेली नसेल तर तारकर्लीला बुडी मारायला जाताना घड्याळ खोलीवर ठेवावे आणि प्रशिक्षकाच्या मनगटावरच्या संगणकाचे ऐकावे.