उत्सवांतील मूर्ति

उत्सवांत पूजा कोणाची होते, देवाची कीं त्याच्या मूर्तीची, हा प्रश्न सुशिक्षितांस फारसा अडवीत नाहीं. मूर्ति हें केवळ चिन्ह, तें गेलें तर दुसरें करावें, असें उत्तर त्यांच्यापाशीं तयार असतें. जालना जिल्ह्यांत घनसावंगी तालुक्यांतील जांब या गांवीं मात्र ह्या उत्तराची कसोटी लागली.

जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मध्यें, रामनवमीस सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं त्यांचा जन्म झाला अशी परंपरा आहे. त्यामुळें तेथील रामनवमी दुहेरी. देवाचा जन्म आणि भक्ताचा जन्म एकाच तिथीस साजरा होतो. ऑगस्ट २०२२ मध्यें तेथील राममंदिरांतून पंचधातूच्या पुरातन मूर्ति चोरीस गेल्या. पुढें पोलिसांनीं तपास लावून त्या परत मिळविल्या. परंतु मधल्या दिवसांतील गांवाचें दुःख विचार करण्याजोगें आहे. ज्यानें दासबोधांत धातुपाषाणाच्या देवांपलीकडील निर्गुणाचा विचार पुनः पुनः सांगितला, त्याच्याच जन्मगांवीं धातूसाठीं एवढा शोक व्हावा, ही विसंगति कोणाही टीकाकाराच्या सहज हातीं लागेल.

त्याचा निकालही ठरलेला आहे. कुशल मूर्तिकाराकडून अधिक रेखीव मूर्ति घडवावी, प्राणप्रतिष्ठा करावी, उत्सव पूर्ववत् चालवावा. शास्त्राचीही त्यास हरकत नाहीं. पण आम्हांस हा निकाल कोता वाटतो. त्यांत मूर्तीचा विचार आहे, ती सांभाळणाऱ्यांचा नाहीं. मूर्ति देवाचें रूप असो वा नसो, ती ठेव खास आहे. आजोबांच्या हातून जिला स्नान घडलें, ती नातवाच्या हवालीं करावयाची, असा एक न लिहिलेला करार गांवानें पत्करलेला असतो. चोरीनें देव हरवत नाहीं, करार मोडतो. आणि शोक होतो तो त्याचा.

हें कोडें केवळ आपल्याकडचें नव्हे. फिलिपाइन्समधील सेबू शहरीं जानेवारीच्या तिसऱ्या रविवारीं सिनुलोग नांवाचा उत्सव होतो, तो बाल येशूच्या एका लहानशा लाकडी मूर्तीसाठीं. १५२१ मध्यें मॅगेलनच्या मंडळींनीं ती तेथील राणीस बाप्तिस्म्याच्या प्रसंगीं दिली. पंधरवडा लोटण्यापूर्वींच मॅगेलन लढाईंत पडला, उरलेले निघून गेले, शिकवावयास कोणी राहिलें नाहीं. १५६५ मध्यें लेगास्पीच्या स्वारींत गांव जळालें, तेव्हां एका घरांत पेटींत ठेवलेली ती मूर्ति स्पॅनिश लोकांस सांपडली. चव्वेचाळीस वर्षें कोणीतरी ती जपली होती. देणाऱ्याचा धर्म घेणाऱ्यांस कितपत उमगला होता, याची आम्हांस शंकाच आहे. ठेव मात्र शाबूत राहिली! आज त्या शहरांत दोन पावलें पुढें, एक मागें, असा नाच चालतो. १९८० पासून त्यास नगरोत्सवाचें रूप आलें. स्पर्धा आल्या, भरजरी पोशाख आले, प्रवाशांची झुंबड आली. तरी मध्यभागीं ती पेटींतली मूर्ति आहे तोंवर त्यास नुसता देखावा म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं.

परंतु ठेवीची उपमा घेतली कीं एक अवघड हिशेब पुढें येतो. ठेव गांवाची, पण गांव म्हणजे कोण? पंढरपुरचें देऊळ अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींस उपोषण करावें लागलें. तोंपर्यंत कित्येक पिढ्या महाद्वाराबाहेर, चोखामेळ्याच्या समाधीपाशींच, थांबत आल्या होत्या. ज्यांस दर्शनही नाकारलें, त्यांनीं करार पाळावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? आणि तरीही ते वारीस येत राहिले. न्यायानें पाहतां ठेवीवर त्यांचा हक्क इतरांहून अधिक, कारण कांहीं हातीं न पडतांही त्यांनीं तिचें ऋण मानलें. कायद्यानें आतां देवळें सर्वांस खुलीं आहेत. चोरीनंतर देवळांस कुलुपें आणि कॅमेरे वाढवावे हेंही योग्यच. पण जांबच्या येत्या रामनवमीस, दुपारीं बाराच्या सुमारास, जन्मकाळीं पाळण्याची दोरी कोणाकोणाच्या हातीं येते, हें पाहण्याची आम्हांस अधिक उत्सुकता आहे.