आठव्या वचनाशी थांबताना

मार्ककृत शुभवर्तमानाचा शेवट वाचकाला अधांतरी सोडतो. शब्बाथ सरल्यावर भल्या पहाटे तीन स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन येशूच्या कबरीपाशी जातात. तोंडावरची धोंड बाजूला सरलेली असते. आत बसलेला पांढऱ्या झग्यातला तरुण सांगतो, तो उठला आहे; जा, शिष्यांना आणि पेत्राला कळवा. स्त्रिया थरथर कापत पळ काढतात आणि भीतीपोटी कोणाजवळ अवाक्षर काढत नाहीत. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी कथा संपते. मूळ ग्रीकमधला अखेरचा शब्द तर ‘गार’, म्हणजे ‘कारण’ अशा अर्थाचे साधे अव्यय आहे.

चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत मार्क इथेच थांबतो. छापील बायबलमधली पुढची बारा वचने मागाहून जोडलेली आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मूळचे शेवटचे पान हरवले असावे, असेही काहींना वाटते. मला मात्र हा शेवट पूर्ण वाटतो, आणि त्याचा आधार मार्कच्या रचनेतच आहे.

पहिल्याच अध्यायात येशू एका कुष्ठरोग्याला बरे करून बजावतो, कोणाला सांगू नकोस. तो गावभर सांगत सुटतो. पुढेही असेच घडत राहते: जितकी मनाई, तितका बोभाटा. अखेरीस ‘सांगा’ अशी आज्ञा होते, तेव्हा ओठ मिटतात. येशूला अटक होताच सारे शिष्य पळाले होते; मार्क तिथे जे क्रियापद वापरतो, तेच या स्त्रियांसाठीही वापरतो. क्रुसापर्यंत टिकून राहिलेल्या शेवटच्या साक्षीदारही निघून गेल्यावर कथेजवळ उरतो तो केवळ वाचक. ज्या लेखकाने हा उलटा धागा पहिल्या अध्यायापासून विणत आणला, त्याची लेखणी अर्ध्यावर निसटली असे मानायला माझे मन धजत नाही.

याच रचनेचा आणखी एक नमुना म्हणून, अटकेनंतर पेत्र येशूला नाकारतो तो प्रसंग पाहा. मार्क आधी त्याला प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीजवळ बसवतो, मग आपल्याला आत चौकशीत नेतो, आणि पुन्हा अंगणात आणतो. आत येशू ‘ख्रिस्त तो तूच काय’ या प्रश्नाला मृत्यू समोर असूनही होकार देतो. खाली पेत्र एका दासीच्या शब्दाने हादरून त्याला ओळखतच नाही म्हणतो. आत ‘भविष्य सांग’ म्हणून येशूची कुचेष्टा चालते, त्याच वेळी कोंबडा आरवण्याआधी पेत्र आपल्याला नाकारेल हे त्याने आधीच सांगितलेले भाकीत अंगणात शब्दशः खरे होत असते. लेखक टिप्पणी करत नाही. दोन प्रसंग शेजारी ठेवतो आणि कोंबडा आरवू देतो.

एरिक आउअरबाख या जर्मन ज्यू विद्वानाने इस्तंबूलच्या निर्वासनात लिहिलेल्या ‘मिमेसिस’ (1946) या ग्रंथात याच प्रसंगावर बोट ठेवले. प्राचीन ग्रीक-रोमन साहित्यात सामान्य माणूस मुख्यतः विनोदापुरता येई. इथे पेत्र या साध्या कोळ्याचे नकारानंतरचे रडणे शोकांतिकेच्या गांभीर्याने मांडले आहे. याच साधेपणामुळे, पुढे ख्रिस्ती धर्मचिंतक झालेल्या ऑगस्टीनला तरुणपणी बायबलचे ग्रंथ रोमन वक्ता सिसेरोच्या लेखनापुढे फिके वाटले होते.

धर्मग्रंथ साहित्य म्हणून वाचणे म्हणजे त्याला काल्पनिक ठरवणे, अशी श्रद्धावंतांची धास्ती असते. अश्रद्ध वाचक तो धर्माचा म्हणून दूरच ठेवतो. दोघांच्याही हातून मजकूर निसटतो. चारही शुभवर्तमाने एकत्र कालवून एकच गोष्ट केली, की मार्कचे मौन लूकच्या सविस्तर हकिकतीत विरून जाते. रचनेकडे पाहण्याने पुनरुत्थान खरे की खोटे हे ठरत नाही. लेखकाने ते कसे सोसले आणि कसे मांडले, हे मात्र कळते. आणि श्रद्धेला साहित्याचे वावडे नाही, हे मराठीला नवे नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओवीत रचली. 1616 साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. कथेला छंद देताना त्यांची श्रद्धा उणावली नाही.

मार्कचे शुभवर्तमान अवघ्या सोळा अध्यायांचे आहे. एका बैठकीत वाचून होते. एकदा ते सलग वाचा आणि आठव्या वचनाशी थांबा. पुढची बारा वचने लगेच वाचू नका. त्या शांततेत थोडा वेळ बसा. मार्कने ती तुमच्यासाठीच मोकळी ठेवली आहे.