कर्जाची खरी किंमत कोण सांगणार?

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, असे विचारले तर नमाज, रोजा किंवा कियामत अशी उत्तरे येतात. वस्तुतः ती आयत उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. सूरह अल-बकराच्या या २८२व्या आयतीत अल्लाहने ईमानधारकांना आदेश दिला की, ठरावीक मुदतीचे देणे-घेणे कराल तेव्हा ते लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. याच आयतीत आणखी एक तरतूद आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मजकूर कोणी सांगायचा? धनकोने नव्हे, ऋणकोने. ज्याच्यावर देणे आहे त्याने तोंडाने सांगायचे आणि लेखकाने लिहायचे. तो अजाण असेल, दुर्बल असेल किंवा सांगू शकत नसेल, तर त्याच्या पालकाने त्याच्या वतीने न्यायाने सांगायचे.

या तरतुदीमागील हेतू उघड आहे. जो स्वतः सांगून लिहवतो, त्याला आपण काय कबूल करीत आहोत हे ठाऊक असलेच पाहिजे. आता जालना जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत गटाचे कर्ज ज्या रीतीने दिले जाते ती आठवा. वस्तीतल्या एखाद्या घरी स्त्रिया जमतात. आधारकार्डे गोळा होतात, सह्या आणि अंगठे होतात, फोटो निघतो. कर्ज किती, हप्ता किती आणि किती हप्ते, एवढेच सगळ्यांच्या लक्षात राहते. व्याजाचा दर, प्रक्रिया शुल्क, विम्याची कपात हे सारे कागदावर असते. पण तो कागद पत्र्याच्या पेटीत जातो. मोंढ्यात हमाली करणारा, पोलाद कारखान्यात पाळीवर जाणारा, मोसंबीची हातगाडी लावणारा नवरा संध्याकाळी विचारतो, "किती भरायचे?" खरी किंमत किती, हा प्रश्न घरात विचारलाच जात नाही.

येथे काही वाचक म्हणतील, इमामसाहेब, व्याज हराम आहे. मग त्याचा दर लपवला काय आणि सांगितला काय, फरक कोणता? या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. दर स्पष्ट सांगितल्याने व्याज हलाल होत नाही, हे निर्विवाद आहे. ज्याला टाळता येईल त्याने टाळावे, आणि टाळता यावे अशी व्यवस्था उभारणे हे समाजाचे कर्तव्य आहे. परंतु फसवणूक हा व्याजाहून वेगळा, स्वतंत्र गुन्हा आहे. एक पाप घडत आहे म्हणून त्याच्या आडोशाला दुसरे पाप निमूटपणे चालू द्यावे, असे शरीअत सांगत नाही. शिवाय आजारपणात किंवा मुलीच्या फीसाठी जी भगिनी या कर्जात शिरली, तिला जुलमापासून वाचवणे हे तिला उपदेश करण्याइतकेच आवश्यक आहे.

नुसत्या मनाईने काय होते याचा अनुभव शेजारच्या राज्यात आला. २००९ मध्ये कर्नाटकातील कोलार येथे स्थानिक अंजुमनने मुस्लिम स्त्रियांना सूक्ष्म-वित्त संस्थांशी व्यवहार व परतफेड थांबवण्यास सांगितले. त्यांच्या तक्रारींत तथ्य नव्हते असे नाही. पण घेतलेली मुद्दल ही अमानत असते, ती बुडवण्यास कोणताही मसला परवानगी देत नाही. ज्यांना पुढे गरज पडली त्यांच्यासमोर पर्यायही ठेवला गेला नव्हता. मनाई करणाऱ्याने पर्याय देण्याची जबाबदारीही उचलावी लागते.

आता थोडा हिशेब करू. समजा कोणी ३०,००० रुपये वर्षासाठी "फक्त बारा टक्क्यांनी" देऊ केले. व्याज ३,६०० रुपये, एकूण ३३,६००, महिन्याला २,८०० रुपयांचा हप्ता. ऐकायला सरळ. पण पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल परत जाऊ लागते. सहा महिन्यांनी निम्मी मुद्दल फेडलेली असते, तरी व्याज मात्र पूर्ण तीस हजारांवरच चालू असते. शिल्लक रकमेवर हिशेब केला तर हा दर बारा नसून वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. आणि शुल्क व विमा मिळून १,००० रुपये आधीच कापून हातात २९,००० टेकवले, तर तोच दर अठ्ठावीस टक्क्यांपर्यंत जातो. हप्ता बदलला नाही, बोललेला आकडा बदलला नाही, तरी किंमत दुपटीहून अधिक झाली! हप्त्यावर वस्तू विकणाऱ्या दुकानांत आणि खासगी सावकारीत ही सपाट दराची भाषा आजही सर्रास ऐकू येते. वजनात मारणाऱ्यांचा धिक्कार करणारी सूरह अल-मुतफ्फिफीन आपण तराजूपुरती वाचतो; आकड्याचे मापही मापच आहे.

फिकहच्या ग्रंथांत मुराबहा नावाचा विक्रीप्रकार येतो. त्यात विक्रेत्याने आपली खरेदी किंमत आणि तिच्यावरील नफा दोन्ही उघड सांगणे बंधनकारक असते. खरेदी किंमत फुगवून सांगितल्याचे उघड झाले तर खरीददाराला दाद मागता येते. किंमतच अज्ञात असेल तर तो सौदा फासिद ठरतो. म्हणजे हलाल व्यापारातसुद्धा जी अस्पष्टता शरीअत चालवून घेत नाही, ती गरिबाच्या कर्जात कशी चालेल? प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला आणि आतून ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. लक्षात घ्या, धान्य भिजणे हा दोष मानला गेला नाही. ते तळाशी दडवणे हा दोष ठरला. कर्जाच्या कागदात बारीक अक्षरांत तळाशी जे असते, त्याला हीच हदीस लागू पडते.

आपल्या मराठी मुलखाला हा प्रश्न नवा नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या खतांवर आणि वह्यांवर होता. आपल्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि सावकारावर पावती व हिशेब देण्याचे बंधन घातले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पण अंगठ्याची व्यथा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच.

आजचा कायदा पुष्कळ पुढे गेला आहे, आणि ते माहीत नसणे हेच आपले मोठे नुकसान आहे. रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी सूक्ष्म-वित्त कर्जांसाठी निर्देश काढले व ते १ एप्रिलपासून लागू झाले. वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेले कर्ज त्यांत येते. सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. किमतीचा तपशील असलेले पत्रक आणि कर्जकार्ड ऋणकोला समजणाऱ्या भाषेत हवे. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. उशीर झाल्यास दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. विमा वगैरे संमतीशिवाय गळ्यात मारता येत नाही. सकाळी नऊच्या आधी व सायंकाळी सहानंतर वसुलीचे फोन करणे, नातेवाइकांना छळणे, नावे जाहीर करणे, देण्याच्या रकमेविषयी दिशाभूल करणे हे सारे निषिद्ध आहे. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्य-पत्रक सक्तीचे झाले. व्याज, शुल्क, विमा सर्व धरून वर्षाचा एकच टक्केवारी दर त्यात द्यावा लागतो. जे शुल्क त्या पत्रकात नाही, ते ऋणकोच्या स्पष्ट संमतीविना आकारता येत नाही. त्याच महिन्यात अवाजवी दर आकारल्याच्या कारणावरून चार वित्त कंपन्यांना नवी कर्जे देण्यास मनाई झाली, त्यांत सूक्ष्म-वित्त कंपन्याही होत्या.

मात्र २०२२ पासून दरावरील वरची मर्यादा उठली आहे, हेही सांगितले पाहिजे. दर ठरवण्याचे काम कंपन्यांच्या संचालक मंडळांकडे गेले. म्हणूनच तो एक आकडा वाचता येणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले.

बोट दुसऱ्यांकडे दाखवताना आपले घरही पाहावे. बिनव्याजी म्हणवणाऱ्या काही पतसंस्था "सेवाशुल्क" घेतात. प्रत्यक्ष खर्चापुरते शुल्क उलेमांनी मान्य केले आहे. पण ते कर्जाच्या रकमेबरोबर आणि मुदतीबरोबर वाढत जात असेल, तर नाव बदलून व्याजच दारात उभे आहे. अशा संस्थेने आपल्या खर्चाचा हिशेब सभासदांपुढे मांडावा. हप्त्यावर मोबाइल किंवा फ्रिज विकणाऱ्या आपल्या दुकानदार बांधवांनाही विनंती आहे. उधारीची किंमत रोखीपेक्षा अधिक ठेवणे बहुसंख्य फुकहांच्या मते जायज आहे, परंतु सौद्याच्या वेळी एकच किंमत ठरली पाहिजे आणि उशीर झाला म्हणून ती वाढता कामा नये. ते आकडे गिऱ्हाइकाला लिहून द्या.

आयतीतील "पालकाने सांगावे" हा आदेश आज कोणी पाळायचा? माझ्या मते, घरातल्या शिकलेल्या मुलाने आणि मुलीने. बारावी झालेली मुलगी आईच्या कर्जकार्डावरचा वार्षिक दर, हातात आलेली रक्कम आणि एकूण परतफेड हे तीन आकडे वाचून दाखवू शकते. सही करण्यापूर्वी वाचावे. पत्रकातील अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवणे संस्थेवर बंधनकारक आहे, तेव्हा "आत्ताच सही करा" या घाईला भुलू नये. मशिदींच्या कमिट्यांनी जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास असे कागद वाचून देण्यासाठी राखून ठेवावा. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेल्यांचा हिस्सा कुरआनाने स्वतः घातला आहे. रमजानच्या वाटपात तो बहुधा विसरला जातो.

कागदात आणि वसुलीत फरक आढळल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही, आणि माहितीसाठीचा क्रमांक १४४४८ आहे.