मोठं शहर कोणतं?

मी अमरावतीचा, माझा मित्र अकोल्याचा. भेटलो की वाद ठरलेला: मोठं शहर कोणाचं?

मी 2011ची जनगणना काढतो. अमरावती साडेसहा लाखांच्या आसपास, अकोला सव्वाचार लाख. तो म्हणतो, "अबे, तुमच्यात बडनेरा मोजला हाय, राजा!" खरं आहे. 1983 मध्ये अमरावतीची महापालिका झाली ती बडनेऱ्याला सोबत घेऊनच. अकोल्याची महापालिका 2001ची. तिनं आजूबाजूची गावं हद्दीत घेतली 2016 मध्ये, म्हणजे जनगणनेनंतर. रेघ सरकते, शहर वाढतं. पण त्या रात्री एकही माणूस आपलं घर सोडून हललेला नसतो.

मग मोठेपणा मोजायचा कशानं?

माझी आजी जवाहर गेटच्या आत, परकोटात राहते. भाजी, डॉक्टर, अंबादेवी, सगळं पायी. आम्ही दहा वर्षांपूर्वी साईनगरला गेलो. मोकळी हवा मिळाली, गाडी लावायला जागा मिळाली. आजीला न्यायला गेलो तर म्हणाली, "तथी मले कोन ओयखते? अथी दोन दिस दार नाई उघडलं, त लोकं येऊन पायतेत."

मित्राचंही तेच. आईवडील मोर्णेकाठच्या जुन्या शहरात, तो गोरक्षण रोडला.

जुन्या गल्लीचे गोडवे गाणं सोपं आहे. पण तिथे अँब्युलन्स शिरत नाही, पोरांना खेळायला जागा नाही. बाहेर पडणं हा गुन्हा नाहीच. प्रश्न त्यानंतरचा आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे, अर्ज लिहिता येतो, चार ओळखी आहेत, तेच आधी निघून जातात. मागे उरलेल्यांची नाली तुंबली तर भांडणार कोण? मी घर बदललं, त्याबरोबर ही जबाबदारीही सोडली का? मला वाटतं, सोडली. आणि ती सोडायचा हक्क मला कुणी दिला नव्हता.

लोकसंख्येच्या आकड्यात आजीही आहे आणि मीही आहे. वाद घालताना मी तिलाही मोजतो आणि शहर मोठं म्हणून मिरवतो.

अमरावती-अकोला मार्गावर 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला, गिनीज विक्रम झाला. आता मित्राकडे मी दोन तासांत पोचतो. साईनगरातून आजीकडे जायला मात्र मला महिना लागतो.