रिंगणात हरतं कोण?

खेळाचं वेड आणि देवाची भक्ती यांची तुलना आपल्याकडे बहुधा एका वाक्यात उरकली जाते: क्रिकेट हा या देशाचा धर्म आणि सचिन तेंडुलकर त्याचा देव. पुरावा म्हणून वानखेडेवरची गर्दी दाखवली जाते. मला हा पुरावाच चुकीचा वाटतो. गर्दीचं भान हरपणं राजकीय सभेतही दिसतं, त्यासाठी श्रद्धा लागत नाही. खेळ आणि श्रद्धा यांचं खरं नातं नेमात आहे. फळ मिळो न मिळो, पुन्हा हजर होण्यात आहे. पुण्यातल्या खराडीत आयटी पार्कच्या आसपास जाळी बांधलेल्या टर्फवर रात्री तासाच्या भाड्याने क्रिकेट चालतं. बघायला कुणी नसतं, नाव होण्याची शक्यता नसते, सकाळी कामावर जायचं असतं. तरी दिवसभर खुर्चीत आखडलेली माणसं ठरल्या वेळी येतात, झेल सोडतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. तुलना करायचीच तर ती इथून करावी.

अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत हा विचार अधिक गांभीर्याने झाला आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन सेक्स्टन यांनी याच विषयावर वर्ग घेतले आणि 2013 मध्ये ‘बेसबॉल अ‍ॅज अ रोड टू गॉड’ हे पुस्तक काढलं. कॅथलिक श्रद्धेत वाढलेल्या माणसाला या खेळात आपलं काही सापडावं, यात नवल नाही. एका हंगामात प्रत्येक संघाचे 162 सामने, म्हणजे जवळजवळ रोजचीच हजेरी. दहापैकी तीनदा फटका साधणारा फलंदाज तिथे उत्तम गणला जातो. दहापैकी चारचं प्रमाण अमेरिकन आणि नॅशनल या लीगमध्ये टेड विल्यम्सने 1941 मध्ये गाठलं, त्यानंतर पूर्ण हंगामभर ते कुणालाच राखता आलेलं नाही. क्षेत्ररक्षकाची चूक धावफलकावर सर्वांसमोर मांडली जाते आणि तोच खेळाडू पुढच्या चेंडूला पुन्हा आपल्या जागी उभा असतो. पापाची कबुली आणि क्षमा मानणाऱ्या ख्रिस्ती मनाला हे ओळखीचं वाटणारच. शिकागो कब्ज हा संघ 1908 नंतर थेट 2016 मध्ये जगज्जेता झाला. मधल्या काळात त्याच्यावर जीव लावून कितीतरी माणसं एकही जगज्जेतेपद न पाहता गेली.

फळाविना टिकणारी ही निष्ठा समजून घ्यायला आपल्याकडे फार लांब जावं लागत नाही. आषाढी एकादशीला पंढरपुरात दर्शनाची रांग इतकी लांबते की शेकडो मैल चालून आलेले कितीतरी वारकरी नामदेव पायरीवर माथा टेकवून आणि कळस पाहून परततात, आणि वारी पोचली असंच मानतात. तुकोबांच्या गाथेत तर विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू, फुगडी अशा खेळांवर अभंगच आहेत. कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले; आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मानत. त्या पुलावर खेळालाही जागा आहे, कारण करिंथकरांना लिहिताना संत पौलानेही धावण्याच्या शर्यतीचाच दाखला दिला होता.

इथेच सर्वांत जड आक्षेप उभा राहतो. पौलाच्या शर्यतीत बक्षीस एकालाच मिळतं. खेळाला जिंकणं-हरणं हवं, त्यासाठी समोर कुणीतरी परका हवा. श्रद्धा मात्र शत्रूवरही प्रेम करायला सांगते. संघावरची निष्ठा आपलं-परकं शिकवत असेल तर ती भक्तीच्या उलट दिशेने नेते, हे मला मान्य आहे. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी माणसं काय बोलतात ते ऐकलं की हा आक्षेप पुस्तकी राहत नाही. पण खेळ म्हणजे स्पर्धाच, हे गृहीतक मात्र टिकत नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं रिंगण पाहावं. आधी पताकाधारी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, पखवाजवाले, वीणेकरी असे सगळे धावून घेतात. मग दोन अश्व सुटतात: एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, पाठ रिकामी. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. ते वेगाने दौडतात, एकमेकांना गाठतात, लोक श्वास रोखून बघतात. म्हणजे शर्यतीचा सगळा थरार तिथे आहे. फेरी संपली की मात्र विजेता कोण हे कुणी विचारत नाही. टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते आणि लगेच टाळ-मृदंगाच्या तालावर उड्या सुरू होतात. खेळातलं झोकून देणं हरणाऱ्याशिवाय शक्य आहे, याचा इतका ठसठशीत दाखला मला दुसरा माहीत नाही.

वारीतही आता पैसा आणि जाहिरात शिरली आहे, मग टर्फच्या भाड्याला नावं का ठेवायची, असं कुणी म्हणेल. मी ठेवत नाही. माझी अडचण वेगळी आहे. गुडघे गेले की माणूस टर्फवरून उठतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. बदली खेळाडू मिळाला नाही तरच त्याची आठवण होते. दिंडीत सत्तरीची बाई चालू शकत नसेल तर तिचा मुक्काम, तिचं जेवण, तिला ट्रकमध्ये बसवणं ही दिंडीची जबाबदारी असते. खराडीतल्या आठवड्याच्या सामन्यांना मी भक्तीचे सख्खे नातलग म्हणेन, पण त्या गटाने गुडघे गेलेल्या गड्यालाही दर आठवड्याला बोलावलं, त्याच्याकडे पंचाचं काम दिलं, तरच.