नाश आणि अपराध

देवघरातील शाळिग्रामावर जे चक्र दिसते ते वस्तुतः एका प्राण्याच्या शंखाचा ठसा होय, ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबांत आता नवी राहिलेली नाही. नेपाळातील काळी गंडकीच्या खोऱ्यात मिळणारे हे पाषाण म्हणजे अमोनाइट नामक जलचरांचे अवशेष. हिमालय वर येण्यापूर्वी तेथे जो समुद्र होता, त्यात हे प्राणी नांदत होते. माकूल हा त्यांचा दूरचा भाऊबंद. अंग वाढेल तसे शंखात पुढचे मोठे दालन बांधावयाचे व मागचे बंद करावयाचे, असा त्यांचा क्रम असे. कोट्यवधी वर्षे टिकलेले हे कुल सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी समूळ नष्ट झाले. आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर प्रचंड अशनी आदळला तो याच सुमारास, आणि दख्खनचा लाव्हारस वाहिला तोही याच कालखंडात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी व आरे कॉलनीच्या रानाखालचा काळा खडक त्याच अग्निपर्वाची साक्ष देतात.

या ज्ञानातून कित्येक जण एक विलक्षण निष्कर्ष काढतात. मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ साली आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. सृष्टीच जर कुळेच्या कुळे बुडविते, तर एवढ्या झाडांसाठी शोक कशाला, असे ते विचारतात.

या युक्तिवादात नाश आणि अपराध यांची गल्लत आहे. मनुष्य मर्त्य आहे म्हणून खून निर्दोष ठरत नाही. अशनीला दुसरी वाट निवडता येत नव्हती. आपण मात्र नकाशे पाहतो, जागांची तुलना करतो, वाद ऐकतो आणि मग निर्णय घेतो. निवड आली की जबाबदारी आलीच.

प्रत्येक कुऱ्हाड हे पाप, असा याचा अर्थ नव्हे. लोकलच्या दारात लोंबकळत कामावर जाणाऱ्याच्या जिवालाही मोल आहे, आणि नवी गाडी त्याच्यासाठीही आहे. परंतु तिची किंमत सृष्टिक्रमाच्या खात्यावर मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. आरेवरूनच ज्याचे शास्त्रीय नाव पडले असा एक विंचू आहे. त्याचे कुल उद्या बुडाले, तर अशनीकडे बोट दाखविता येणार नाही.

कोणाच्याही दोषाविना नाहीशा झालेल्या जिवाच्या शंखावर आपण तुळशीपत्र वाहतो. आपल्या निर्णयावर ज्यांचे जगणे अवलंबून आहे, त्यांच्याविषयी निदान हिशेब तरी प्रामाणिकपणे लिहावा.